तातडीचे वेगळे

रामूनस : पण फोन तर तुमच्याकडूनच आला होता ना?

एल्विरा : आला होता. जुलैमध्ये.

रामूनस : मग बरोबर आहे. आम्ही रांगेनंच येतो.

एल्विरा : आज जानेवारी आहे.

रामूनस : महिना ऑफिसातली मुलगी बघते. मला सकाळी पत्ता मिळतो, मी निघतो. आज म्हणाली, उतेना गाव, पाचवा मजला, एसी गार करत नाही. मी म्हटलं, बाहेर उणे नऊ आहे, त्यांना म्हणावं खिडकी उघडा. तर म्हणे जा मुकाट्यानं, घरच्या गृहस्थांनी बोलावलंय.

एल्विरा : कुठल्या गृहस्थांनी?

रामूनस : इथल्याच. तिनं मागच्या आठवड्यात फोन करून विचारलं, तुमची तक्रार अजून आहे का? ते म्हणाले, आहे. या. काय बिघडलं होतं ते एकदा कळू दे.

एल्विरा : स्टेपोनास. माझा नवरा. मला काही बोलला नाही.

रामूनस : मग येऊ का जाऊ? शिडी खांद्यावर आहे म्हणून विचारतो.

एल्विरा : ये. दार लाव आधी, गारठा येतोय. बूट तिथे काढ. मोज्यातनं अंगठा बाहेर आलाय तुझा.

रामूनस : बाई!

एल्विरा : काय झालं?

रामूनस : तुम्ही भूगोलाच्या एल्विराबाई ना? हे अंगठ्याचं वाक्य मी आठवीत ऐकलंय. मी रामूनस. शेवटचं बाक, खिडकीपाशी.

एल्विरा : खिडकीपाशी बरेच रामूनस होते.

रामूनस : नेमान नदी उलटी वाहवली होती मी. समुद्रातून डोंगराकडे. भर वर्गात, फळ्यावर.

एल्विरा : तो तू.

रामूनस : तोच मी. तुम्ही म्हणाला होतात, या मुलाचं आणि निसर्गाचं काही जमायचं नाही.

एल्विरा : खोटं नाही म्हणाले. जुलैत बोलावलं तर जानेवारीत आलास. ये असा. मशीन आईच्या खोलीत आहे.

रामूनस : इथे भलताच गारवा आहे.

एल्विरा : रेडिएटर बंद ठेवलाय. कुणी नसतं.

रामूनस : आजींना मात्र जरा वेळ बाहेरच बसवा हं. झाकण काढलं की धूळ उडते.

एल्विरा : आईला आधीच हलवलंय.

रामूनस : बरं केलंत. कुणाकडे? भावाकडे?

एल्विरा : टेकडीवर. पाइनच्या झाडांखाली.

रामूनस : … अरे देवा. कधी, बाई?

एल्विरा : जुलैमध्ये.

रामूनस : म्हणजे तुम्ही फोन केलात तेव्हाच…

एल्विरा : सोमवारी फोन केला. बुधवारी दुपारी ती गेली. गुरुवारी पाऊस पडला. हवामान खात्यानं पाऊस गुरुवारचाच सांगितला होता, त्यांची काही चूक नाही.

रामूनस : फार वाईट वाटलं ऐकून.

एल्विरा : तुला कशाला? रांगेत तू नव्हतास, आम्ही होतो. ती शिडी पलंगाला टेकवू नकोस. म्हणजे टेकव. आता काय.

रामूनस : काय झालं होतं आजींना?

एल्विरा : डॉक्टरांनी हृदय लिहिलं. डॉक्टर हृदयच लिहितात. ऊन असं लिहायची आपल्याकडे पद्धत नाही, कागदात बसत नाही ते.

रामूनस : तातडीची नोंद केली असती तर मी त्याच दिवशी… नाही, म्हणजे ऑफिसचा नियम सांगतोय नुसता.

एल्विरा : नियम मला ठाऊक आहे. मुलीनं नीट सांगितला होता. तातडीचे वेगळे. नव्वद युरो, तेही नुसते यायचे.

रामूनस : हो. मशीन उघडायचे त्यानंतर.

एल्विरा : मी म्हटलं, नको, आम्हाला रांगेत लावा.

रामूनस : सगळेच तसं म्हणतात, बाई.

एल्विरा : मी जरा जास्तच म्हटलं. मी तिला म्हटलं, बाळ, आपल्या देशात उन्हाळा दोन आठवड्यांचा. त्यातला एक गेलाच आहे. जुलैची सरासरी किती, रामूनस?

रामूनस : अठरा.

एल्विरा : बघ, येतंय तुला. अठरा. मी सगळ्या उतेनाला अठरा शिकवलं. त्या बुधवारी या खोलीत तेहतीस होतं. पण महिनाअखेर गार गेली, त्यामुळे सरासरीत ते कुठेच दिसायचं नाही.

रामूनस : खिडकी नाही उघडली?

एल्विरा : कोण उघडू देणार? आरपार वारं लागतं ना. उपासमार, लढाई, दोन राजवटी, एक नवरा, या सगळ्यांतून आपण जगलो ते आरपार वाऱ्यात कधी बसलो नाही म्हणून, असं तिचं ठाम मत होतं. मी उघडायची, ती लावायची. शेवटी तिला उठवेना, तेव्हा म्हणाली, तू लाव.

रामूनस : आणि तुमचे मिस्टर?

एल्विरा : स्टेपोनास म्हणाला, देऊन टाकू नव्वद. मी म्हटलं, गुरुवारी पाऊस आहे. तो काही बोलला नाही. अजूनही बोललेला नाही.

रामूनस : एकदासुद्धा नाही?

एल्विरा : सकाळी कॉफी आणून देतो. गोळ्यांची आठवण करतो. टेकडीवर गेलो की माझ्या हातातली मेणबत्ती तो पेटवतो, माझी काडी विझते म्हणून. पण या विषयावर एक अक्षर नाही. चांगला माणूस आहे. वाईट माणूस असता तर निदान मला उलट बोलता आलं असतं.

रामूनस : स्टेपोनासकाका म्हणजे सात नंबरचे बसवाले ना? आम्ही पोरं पळत आलो की लावलेलं दार परत उघडायचे.

एल्विरा : तेच. त्यापायी रोज उशीर व्हायचा. पगारवाढ राहिली, पण दार उघडलं. तू तुझं काम कर.

रामूनस : करतो. त्रास काय होता मशीनला?

एल्विरा : बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा. झडप उघडायची. वारा मात्र नाही. आम्ही मशीनवरचा आकडा कमी कमी करत सोळापर्यंत आणला. काही नाही. नुसता दिवा.

रामूनस : मग तीन-चार शक्यता. एक म्हणजे गॅस गेला. पण नुसता भरून भागत नाही, गळती शोधावी लागते. शोधायचे वेगळे.

एल्विरा : तुमच्याकडे वेगळं नसलेलं काय असतं?

रामूनस : स्टिकर. आमच्या नंबराचं, फ्रिजवर लावायला. ते फुकट. दुसरं म्हणजे कॉम्प्रेसर. तो गेला असेल तर बाई, तुम्हाला म्हणून स्पष्ट सांगतो, मशीन विसरा. थोडी भर घातली की नवीन येतं. वर्षाचे दोन आठवडे लावायचं मशीन, त्यावर कोण एवढा…

एल्विरा : हे वाक्य माझं आहे.

रामूनस : हो. चुकलो.

एल्विरा : पुढे?

रामूनस : पुढे असं, की आज गार करून बघताच येणार नाही. या थंडीत बाहेरच्या युनिटातलं तेल मधासारखं घट्ट होतं. गॅसचं प्रेशर खरं दाखवत नाही. जबरदस्तीनं चालवलं तर चांगलं मशीनही बसायचं.

एल्विरा : मग गार करणारं मशीन तपासायचं कधी?

रामूनस : मे-जूनमध्ये.

एल्विरा : तेव्हा येशील?

रामूनस : तेव्हा रांग असते.

एल्विरा : म्हणजे उन्हाळ्यात तुम्हाला सवड नाही आणि हिवाळ्यात मशीनला सवड नाही.

रामूनस : हे आजवर कुणी इतकं नीट मांडलं नव्हतं. ऑफिसात सांगतो. बाल्कनीचं दार उघडतो हं, बाहेरचं युनिट बघू दे… बाई, याच्या अंगावर कोट का आहे?

एल्विरा : स्टेपोनासनं घातलाय. बसवाल्यांचा जुना कोट. म्हणाला, हिवाळाभर बाहेर उभं असतं बिचारं.

रामूनस : बटणंही लावलीयत.

एल्विरा : वरचं लागत नाही, तिथे दोरी आहे. का, चालत नाही?

रामूनस : याला थंडी वाजत नाही. उलट चालू केलं तर कोटात गुदमरेल. काढून ठेवतो… बरं, एक करता येईल. हे मशीन गरमही करतं. गरम करून बघू. गरम झालं तर आतलं सगळं शाबूत. गार करतानाही हाच गॅस, हाच कॉम्प्रेसर, फक्त गॅस उलटा फिरतो.

एल्विरा : तुझ्या नेमानसारखा.

रामूनस : अगदी तसाच. रिमोट कुठेय?

एल्विरा : त्या ड्रॉवरमध्ये. चष्म्याच्या घराखाली.

रामूनस : हा ब्रेडच्या पिशवीत का गुंडाळलाय?

एल्विरा : आई सगळंच गुंडाळायची. टीव्हीचा रिमोट, फोन, पासपोर्ट. झिजतात म्हणायची. मशीन घेतलं त्या दिवशी तिनं आधी पिशवी शोधली, मग मशीन बघितलं.

रामूनस : आमच्या आजीच्या सोफ्यावरही असंच प्लास्टिक होतं. ती गेल्यावर काढलं. आत कोरा करकरीत सोफा. कुणी बसेना त्यावर… पिशवी पार पिवळी पडलीय हो. आतलं काही दिसत नाही.

एल्विरा : बघायचं काय त्यात? वरचं बटण चालू-बंदचं, खालची दोन कमी-जास्तची. बोटांना सवय होती.

रामूनस : काढू का पिशवी?

एल्विरा : काढ. रबर सांभाळून.

रामूनस : … बाई.

एल्विरा : काय?

रामूनस : गरम हवा शेवटची कधी लावली होती?

एल्विरा : मेमध्ये. नगरपालिकेनं घरांचं हीटिंग बंद केलं आणि आठवड्यात बर्फ पडला. दरवर्षीचंच आहे. आईचे पाय गार पडायचे. मी म्हणायची मोजे घाल. स्टेपोनासनं तिला गरम हवा लावून दिली. रोज संध्याकाळी येऊन मशीनखाली हात धरून बघायचा, येतेय ना गरम म्हणून. का?

रामूनस : आणि त्यानंतर एकदम जुलैत चालू केलंत?

एल्विरा : मधे लागलंच नाही. जूनची सरासरी… का विचारतोयस?

रामूनस : इथे सूर्य आहे.

एल्विरा : कुठे?

रामूनस : रिमोटवर. हे चिन्ह बघा. सूर्य म्हणजे गरम. गार हवं असेल तर इथे बर्फाचं फूल लागतं. हे मेपासून सूर्यावरच आहे.

एल्विरा : आम्ही सोळा केलं होतं.

रामूनस : सूर्यावर सोळा. मशीनला वाटलं, हे मला सोळापर्यंत तापवायला सांगतायत. खोली तर तेहतीस आहे. म्हणजे माझं काम झालेलंच आहे. ते गप्प बसलं. दिवा लावून. थांबा, खात्री करतो. आकडा वर नेतो. तीस. जरा वेळ लागतो त्याला… आला. आला वारा. इथे हात धरा. गरम आहे. बाई, याला काहीसुद्धा झालेलं नाही.

एल्विरा : बंद कर.

रामूनस : एक मिनिट, पुरतं तापू दे, म्हणजे…

एल्विरा : बंद कर, रामूनस. या खोलीत गरम हवा सोडू नकोस.

रामूनस : केलं. केलं बंद.

एल्विरा : नव्वद युरो घेऊन तू आला असतास. काय केलं असतंस?

रामूनस : हे एक बटण दाबलं असतं.

एल्विरा : बरं.

रामूनस : पण बाई, मग हा दोष तुमच्याकडे येतच नाही! मशीन चांगलं होतं, नव्वद युरोंचा प्रश्नच नव्हता. चूक झाली ती सूर्याची. आणि सूर्य तर…

एल्विरा : पुरं कर वाक्य. वर्गातही अर्धीच सोडायचास.

रामूनस : सूर्य काकांनी लावला होता.

एल्विरा : हो.

रामूनस : चांगल्यासाठीच लावला होता.

एल्विरा : तो सगळं चांगल्यासाठीच लावतो. आता तो मासळी आणायला गेलाय, येईल इतक्यात. आल्याबरोबर विचारेल, काय बिघडलं होतं. त्यासाठीच बोलावलंय त्यानं तुला.

रामूनस : मग काय सांगू?

एल्विरा : काहीतरी बिघडलं होतं असं सांग.

रामूनस : माझ्याशी लोक उलटं भांडतात, बाई. बिघडलेलं नसताना बिघडलं म्हणतोस म्हणून.

एल्विरा : मी नाही भांडणार.

रामूनस : पण बिघडलं होतं म्हटलं की परत तेच. तातडीचे दिले नाहीत, म्हणून दुरुस्त झालं नाही, म्हणून… खरं सांगितलं तर तुम्ही सुटता.

एल्विरा : सुटून कुठे जाऊ? मला सवय झालीय. जुलैपासून रोज थोडं थोडं करत मी बरीच पुढे आलेय. दुधाच्या दुकानापर्यंत जाते हल्ली, काही न आठवता. त्याला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि त्याला जमायचं नाही. मशीनला कोट घालणारा माणूस आहे तो. काय काय बिघडू शकतं तुझ्याकडे?

रामूनस : कपॅसिटर आहे. एवढासा डबा असतो. बारा युरोला.

एल्विरा : नको. बारा युरोत माणूस गेलं असं वाटायला नको त्याला.

रामूनस : कॉम्प्रेसर?

एल्विरा : तो गेला तर मशीन विसरायचं म्हणालास. मग तो नवीन आणेल. या भिंतीवर मला नवीन काही नको.

रामूनस : गॅस म्हणू?

एल्विरा : गळती कुठे, विचारेल. बसवाला आहे. गळती म्हटलं की गुडघ्यावर बसून खाली वाकतो. दाखव म्हणेल.

रामूनस : मग बोर्ड. आतली इलेक्ट्रॉनिक पाटी. ती का गेली हे कुणी विचारत नाही. आम्हालाही ठाऊक नसतं.

एल्विरा : केवढ्याला जाते?

रामूनस : दीडशेपर्यंत.

एल्विरा : ठीक आहे. बोर्ड दे.

रामूनस : कापड दुकानात बसल्यासारखं वाटतंय मला.

एल्विरा : जुना बोर्ड बघायला मागेल.

रामूनस : गाडीत एक जळका पडलाय. झारासायच्या एका दातांच्या डॉक्टरकडचा. पण बाई, पैसे? मी काही केलेलंच नाही. दीडशे कसे घेऊ?

एल्विरा : घ्यायचे. फुकटात बरं झालं तर त्याला शंका येईल.

रामूनस : आणि मग त्यांचं करू काय?

एल्विरा : ते तुझं तू बघ. मी भूगोल शिकवायची. नीतिशास्त्राचा वर्ग वरच्या मजल्यावर होता.

रामूनस : तिथेही मी काठावरच होतो.

एल्विरा : मग जड जायचं नाही. रिमोट इकडे दे. बर्फावर केलास?

रामूनस : केला.

एल्विरा : पिशवी दे. उघडा दिसला तर विचारेल, आईची पिशवी कुणी काढली. रबर?

रामूनस : ते तुटलं हो. काढतानाच. वाळलं होतं.

एल्विरा : … असू दे. स्वयंपाकघरात दुसरं आहे. कोट परत घाल त्याला, आणि दोरी होती तशी बांध. मग जा. शिडी जिन्याच्या भिंतीला घासू नकोस, खालची बाई वर येते.

(रामूनस शिडी घेऊन खाली जातो. एका शिडीला लागावा त्याहून बराच जास्त वेळ लागतो. वर येतात ते दोघे : पुढे रामूनस, हातात जळका बोर्ड, मागे स्टेपोनास, हातात मासळीची पिशवी.)

स्टेपोनास : हा तुझा विद्यार्थी निघाला की.

एल्विरा : माहीत आहे. बूट झटक, बर्फ आत आणू नकोस.

स्टेपोनास : बोर्ड गेला होता म्हणतो.

एल्विरा : हो, मलाही तेच म्हणाला.

रामूनस : हा बघा काका. इथे काळं पडलंय ना? इथेच भाजला.

स्टेपोनास : पडलंय खरं. जरा इकडे दे… लवंगेचा वास येतोय याला.

रामूनस : जळलं की येतो तसा.

स्टेपोनास : बसमध्ये कधी काही जळलं तर रबराचा यायचा.

रामूनस : बसचं वेगळं असतं, काका.

स्टेपोनास : असेल. नवा बसवला?

रामूनस : बसवला. चालतंय आता झकास. आणि बाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच मघाशी.

एल्विरा : काय?

रामूनस : हा बोर्ड जुलैत मिळतच नव्हता.

एल्विरा : कुठे मिळत नव्हता?

रामूनस : कुठेच. विल्नियसला नाही, पलीकडे रीगाला नाही. त्या उन्हात सगळ्यांचे एकदम गेले ना. नवा माल आला तो थेट ऑक्टोबरात. म्हणजे तेव्हा तुम्ही तातडीनं बोलावलं असतं, तरी मी आलो असतो, मान हलवली असती आणि गेलो असतो. नव्वद युरो खिशात घालून. मशीन काही चालू झालं नसतं.

एल्विरा : हे तू मघाशी बोलला नाहीस.

रामूनस : मघाशी आठवलं नव्हतं.

एल्विरा : मग कुठे आठवलं?

रामूनस : जिन्यात.

एल्विरा : जिन्यात कोण होतं?

रामूनस : शिडी होती.

एल्विरा : आणि शिडीचं दुसरं टोक?

रामूनस : ते… ते काकांनी धरलं होतं.

स्टेपोनास : वळणावर अडकते ती. एकट्याचं काम नाही.

एल्विरा : अस्सं.

स्टेपोनास : मी सहज विचारलं त्याला. जुलैत मिळाला असता का हा बोर्ड. तर तो म्हणाला, नसता.

एल्विरा : लगेच म्हणाला?

स्टेपोनास : दुसऱ्यांदा विचारल्यावर.

रामूनस : मी निघतो, बाई. अजून दोन घरं आहेत. एक ऑगस्टचं आहे.

स्टेपोनास : थांब, पैसे घे. किती म्हणालास?

रामूनस : ते राहू दे काका, म्हणजे नंतर…

एल्विरा : दीडशे. दे त्याला, स्टेपोनास.

स्टेपोनास : हे घे. गॅरंटी किती?

रामूनस : या बोर्डाची? जन्मभर. हा परत जायचा नाही, एवढं मी लिहून देतो.

एल्विरा : लिहू नकोस काही. मोजा तेवढा शिवून घे.

रामूनस : घेतो, बाई. येतो. काका, येतो.

स्टेपोनास : सावकाश जा. खाली दारापाशी निसरडं झालंय… गेला. चांगला मुलगा आहे.

एल्विरा : दिशांचा घोळ आहे थोडा. पण चांगला आहे.

स्टेपोनास : मिळालाच नसता म्हणे.

एल्विरा : ऐकलं मी.

स्टेपोनास : म्हणजे गुरुवारची वाट बघितली काय आणि नाही काय. सारखंच होतं.

एल्विरा : या विषयावर तू आज पहिल्यांदा बोलतोयस.

स्टेपोनास : बोलण्यासारखं आजच मिळालं.

एल्विरा : मासळी कुठली आणलीस?

स्टेपोनास : स्टिंटा. बर्फाखालची, आज सकाळचीच. बघ, अजून काकडीचा वास येतोय.

एल्विरा : तुझं नाक फार तिखट झालंय. आण इकडे, तळते. आधी सूप घे, गार होतंय.

स्टेपोनास : तू पण बस. इतका वेळ त्या गार खोलीत होतीस त्याच्याबरोबर. तुझे पाय गारठले असतील. आईंसारखेच आहेत तुझे.

एल्विरा : असतील.

स्टेपोनास : लावू का जरा गरम हवा? आता मशीन चालतंय तर.

एल्विरा : नको.

स्टेपोनास : अगं, एक बटण तर दाबायचंय.

एल्विरा : नको, स्टेपोनास. मी मोजे घालते.